दुसरा गिअर पडेना

नंदकिशोर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि एकोणसाठाव्या वर्षी मोटरसायकल शिकायला लागले. हे काय शिकायचं वय आहे का, असं तुम्ही म्हणाल. पण त्याआधी वेळ होता कुठे? तीस वर्षं कंपनीची बस त्यांना घणसोलीतल्या सोसायटीच्या गेटवरून उचलायची आणि संध्याकाळी तिथेच आणून टाकायची. भाजी, बँक, लग्नकार्य यांसाठी पत्नीची, सुचित्राबाईंची, स्कूटी होती. तिच्यावर ते मागे बसत, पिशव्या मांडीवर घेत आणि मागून सूचना देत. सूचना देण्यात त्यांचा हात धरणारा सबंध नव्या मुंबईत सापडला नसता.

भाचा प्रसाद दोन आठवड्यांनी, सोमवारी, नोकरीसाठी बंगळुरूला निघणार होता. त्याच्या वडिलांची बावीस वर्षांची मोटरसायकल कुणाला तरी द्यायची होती. "मला दे," मामा म्हणाले. सुचित्राबाईंनी लगेच अट घातली. "तो निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मला मागे बसवून पाम बीच रोडला एक चक्कर मारून आणा. जमलं तर गाडी आपली. नाही जमलं तर प्रसादच्या मित्राची. पार्किंगमध्ये शोभेला नको." हातात पंधरा दिवस होते.

गाडी साधी. चारही गिअर डाव्या पायाने पुढे दाबून पडायचे. पहिला पडायचा. दुसरा मात्र काही केल्या पडेना. नंदकिशोर क्लच दाबायचे, मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या मुलाने सांगितल्याप्रमाणे पंजा अलगद टेकवायचे, दाबायचे, क्लच सोडायचे, आणि गाडी पहिल्यातच बोंबलत राहायची. कधीमधी चुकून पडायचा. त्यांनी रीतसर एक वही घातली: तारीख, वेळ, किती वेळा दाबला, किती वेळा पडला. चौथ्या दिवशीचा हिशेब एकेचाळीस वेळा दाबला, चार वेळा पडला, असा होता. खाली सही.

मग तपासणी झाली. प्रसादने चक्कर मारली, गिअर पडला. सेक्टरातल्या मेकॅनिकने मारली, त्याचाही पडला. शेवटी सोसायटीचा वॉचमन, ज्याला कुणी बोलावलंसुद्धा नव्हतं, तोही एक राउंड मारून आला आणि म्हणाला, "मस्त चालते की, काका. तुमचा पाय नीट बसत नाही." प्रसाद म्हणाला, "मामा, टेन्शन नका घेऊ, वयाने होतं असं." सुचित्राबाईंनी नुसतं वर बघितलं, आणि ते जास्त झोंबलं. गाडीत बिघाड आहे आणि आपण बरोबर आहोत, एवढंच नंदकिशोरांना सिद्ध करायचं होतं. पाम बीच गेला खड्ड्यात! पण ऐकतंय कोण? तिघांचा पडतो आणि एकाचा पडत नाही, म्हणजे दोष त्या एकाचा. झाला निकाल.

शेवटच्या शनिवारी सकाळी कुणीतरी सांगितलं की गावठाणात एक जण फक्त जुन्या गाड्याच करतो. नंदकिशोर निघाले, अर्थात पहिल्या गिअरमध्ये. मागे हॉर्नचा नुसता धुमाकूळ. एक रिक्षावाला शेजारून जाताना प्रेमाने म्हणाला, "अंकल, उतरके चलो, जल्दी पहुंचोगे." घामाने डबडबून ते गावातल्या बोळात शिरले. दोन्ही बाजूंनी चार-चार मजली घरं चढलेली, गॅलऱ्या एकमेकींना टेकायच्या बाकी. तळमजल्यावरच्या एका गाळ्यापुढे त्यांनी गाडी थांबवली, आणि आतून हात पुसत बाहेर आला तो अंकुश मढवी.

नंदकिशोरांनी त्याला लगेच ओळखलं. परत फिरावं असं मनात आलं, पण बोळात गाडी वळवायला जागा नव्हती.

त्याचं असं होतं. नंदकिशोर कंपनीत सुरक्षा अधिकारी होते. कुठे काही सांडलं, फुटलं, कुणाला भाजलं की चौकशीचा अहवाल त्यांचा. अहवालात 'कारण' असा एक रकाना असे आणि त्यात बहुतेक वेळा 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं वळणदार अक्षरात लिहिलेलं असे. वरच्यांना ते आवडायचं, कारण यंत्र उघडायचं तर प्लँट अर्धा दिवस बंद ठेवावा लागे. माणसासाठी एक ओळ पुरत होती. अकरा वर्षांपूर्वी अंकुशच्या पाळीला टाकी भरून वाहिली. अंकुश गळ्याची शपथ घेऊन सांगत होता, "सायेब, मी वॉल बंद केला व्हता. वरचा चाक फिरतो, पन आत काय बसत नाय." नंदकिशोरांनी स्वतः चाक फिरवून पाहिलं. तीनदा फिरवलं, व्हॉल्व्ह तीनदा बंद झाला. त्यांनी रकाना भरला. कंपनीने अंकुशला घरी बसवलं.

"या सायेब," अंकुश म्हणाला. जणू कालच भेटले होते. "काय तरास देते?"

नंदकिशोरांनी वही पुढे केली. आता हा वही बाजूला ठेवणार, झोकात एक चक्कर मारणार आणि सगळ्या गावासमोर आपली लाज काढणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्याच्या जागी ते असते तर त्यांनी तेच केलं असतं. पण अंकुशने गाडीला किक मारलीच नाही. तो पायरीवर बसला आणि पानामागून पान वाचत गेला.

"दुसऱ्यांचा पडतो?"

"तिघांचा पडला."

"त्ये लाथ घालत असतील." त्याने गाडी मधल्या स्टँडवर घेतली. "तुमी बसा. तुमी दाबता तसाच दाबा."

तो गिअरच्या लिव्हरपाशी उकिडवा बसला. एका हाताने मागचं चाक फिरवत राहिला, दुसऱ्या हाताचं बोट लिव्हरच्या मुळाशी, जिथे तो इंजिनातून आलेल्या दांड्यावर बसतो, तिथे टेकवलं. नंदकिशोरांनी पंजा दाबला. पुन्हा दाबला.

"बघा, वाका जरा. लिव्हर फिरतो, पन दांडा जागेवरच हाय. लिव्हरच्या आतले दाते झिजलेत. पयला हलका जातो, दुसऱ्याला जोर लागतो. सवयीचा मानूस जोर लावतो, त्याचा पडून जातो. तुमी शिकवल्यापरमानं हळू दाबता, तुमचा नाय पडनार." तो उठला. "गाडीचा दोष हाय, सायेब. तुमचा नाय."

पंधरा दिवस ज्या वाक्यासाठी जीव टाकला होता ते कानावर आलं आणि नंदकिशोरांना असा आनंद झाला म्हणता! खिशातून फोन निघाला, सुचित्राबाईंचा नंबरही लागला. तेवढ्यात त्यांचं लक्ष पुन्हा त्या लिव्हरकडे गेलं. वरचं फिरतं, आत काही होत नाही. हे त्यांनी आधी कुठे ऐकलं होतं ते आठवायला त्यांना एक क्षणही लागला नाही. पलीकडून सुचित्राबाई "हॅलो, हॅलो, काय झालं?" करत होत्या. नंदकिशोरांनी फोन कापला. त्यांना लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

अंकुशने जुन्या सामानातून धड दात्यांचा लिव्हर शोधून काढला, बसवला, बोल्ट आवळला. वीस मिनिटांचं काम. तेवढा वेळ नंदकिशोर समोरच्या भिंतीवरच्या ट्यूशन क्लासच्या जाहिराती वाचत उभे होते. दोनदा घसा खाकरला. दोनदा निघालं ते फक्त, "ऊन फार आहे नाही आज?"

"मारा एक चक्कर," अंकुश म्हणाला.

ते देवळापर्यंत गेले. दुसरा पडला! तिसराही पडला. परत येताना छाती अशी फुगली की थांबताना क्लच दाबायचा राहून गेला. गॅरेजच्या दारातच गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या दोघी फिसकन हसल्या.

"हां, आता गाडीचा नाय," अंकुश म्हणाला. "आता तुमचा."

"हो. चुकलं माझं," नंदकिशोर म्हणाले. मग हँडल घट्ट धरून, खाली बघत म्हणाले, "आणि तेव्हाही माझंच चुकलं, अंकुश. तो व्हॉल्व्ह मी उघडून बघायला हवा होता. तू खरं सांगत होतास."

अंकुश पाना पुसत होता. तो पुसतच राहिला.

"मना म्हाईत हाय, मी खरा सांगत व्हतो."

"मी लिहून देतो. आत्ता देतो, सहीनिशी."

"कुनाला देनार?" अंकुश म्हणाला. "कंपनी बंद होऊन सा म्हैने झाले सायेब. थय आता गोदाम हाय." त्याने पाना खोक्यात टाकला आणि आत जायला वळला. "क्लच दाबा. फस्ट टाका. मागं लोकं थांबलीत."