शेवंतीचं औषध

पंचफुलाबाईला घोडी कधीच आवडली नव्हती. तिचा नवरा जळबा जवळा बाजार या गावात लग्नाच्या वरातींसाठी घोडी बाळगायचा. बाहेरून आला की तो आधी पत्र्याच्या शेडात जायचा, त्या घोडीच्या, शेवंतीच्या, मानेवर थापट्या मारीत काहीबाही बोलत राहायचा. घरात येईपर्यंत त्याच्याजवळचं बोलणं संपलेलं असायचं. "माझ्यासाठी बी काही ठेवत जा की," असं ती एकदा म्हणाली होती. तो नुसता हसला होता.

मागच्या पावसाळ्यात छातीत कळ आली आणि जळबा गेला. लेक साक्षी पुण्याच्या एका दवाखान्यात नर्स. ती विधी उरकेपर्यंत राहिली, "माय, चल माझ्यासंगं," म्हणाली आणि शेवटी एकटीच गाडीत बसली. नंतर घोडी घ्यायला गिऱ्हाईक आलं, त्यालाही पंचफुलाबाईने चहा पाजून वाटेला लावलं. काहून, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. संध्याकाळी शेडातून फुरफुर ऐकू यायची, तेवढाच घरात आवाज.

लग्नसराई लागली तसा पुतण्या भीमराज शेवंतीला नेऊ लागला. त्याची बँडपार्टी होती. सकाळी न्यायचा, दिवस मावळायला आणून बांधायचा. पोरगा वाईट नव्हता, पण त्याचं सगळं ध्यान वाजवण्यात.

शेतांमधून हळद शिजवल्याचा वास यायला लागला त्या सुमाराला शेवंतीनं खाणं टाकलं. आधी भरडा नको झाला, मग कडबाही नुसता हुंगून सोडू लागली. दात करकर वाजवायची, मान वळवून आपल्याच पोटाकडे बघायची. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. पंचफुलाबाईने औंढ्याहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. प्रियदर्शनी नावाची तरुण बाई स्कूटीवरून आली. तिने डोळ्यांच्या पापण्या उलटवून पाहिल्या, पोटाला कान लावला.

"मावशी, वरातीत हिला खायला कोण घालतं?"

"मला न्हाई म्हाईत, बाई. भीमराज नेतो."

"घोड्याच्या पोटात आम्ल सारखं सुटत असतं. खाणं नसलं की ते पोटालाच जाळतं. दिवसभर उपाशी उभी, वर तो डीजेचा दणका. पक्कं सांगायला दुर्बीण घालावी लागते, ती सोय इकडं नाही. पण लक्षणं अल्सरचीच दिसतात."

औषध म्हणजे जाड पिचकारीत भरलेला लगदा. रोज सकाळी, काही खायच्या आधी द्यायचा. जवळपास कुठं मिळेना, तेव्हा साक्षीने पुण्याहून पाठवला. "माय, तू कशी आहेस?" तिने फोनवर विचारलं. पंचफुलाबाईने घोडीचंच सांगितलं आणि फोन ठेवला.

औषध आलं, पण घोडी तोंड उघडेल तर ना! पिचकारी दिसली की शेवंती मान आभाळात न्यायची. दातांच्या फटीतून कसंबसं आत ढकललं, तर गालात धरून ठेवायची आणि पंचफुलाबाई वळली की तिच्याच लुगड्यावर थुंकायची. गुळात मळून दिलं, गूळ चाटून औषध ठेवलं. भाकरीत गुंडाळलं तर भाकरीलाही तोंड लावलं नाही. केळ्यात घातलं, केळं पायाखाली गेलं. जळबा असता तर काय केलं असतं, हे विचारायलाही कुणी नव्हतं.

एका सकाळी ती शेडात जमिनीवरच बसली आणि घोडीवर ओरडली, "काय मांडलंय हे? तो गेला म्हणून मी खाणं सोडलं का?" आदल्या दुपारपासून चूल पेटलेली नव्हती.

डॉक्टरांनी घोडीला हळूहळू फिरवायला सांगितलं होतं. ती तशीच उठली, दावं सोडलं आणि पदर खोचून बाहेर पडली. माळाकडे वळायचं होतं, पण शेवंतीनं ऐकलं नाही. तिने पंचफुलाबाईला ओढतच बाजाराच्या रस्त्याला लावलं आणि बसस्टँडच्या कोपऱ्यावर, उत्तमसिंगच्या चहाच्या टपरीपुढं जाऊन उभी राहिली. बाकावरची माणसं बघू लागली. पंचफुलाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"या वैनी," उत्तमसिंग म्हणाला. "लई दिवसांनी आली ही." त्याने बरणीतून एक कडक, गोल बटर काढलं, चहात बुडवलं आणि तळहातावर पुढं केलं. शेवंतीनं ओठांनी अलगद उचललं.

"हे काय हो?"

"रोजचंच हाय. सकाळी दोघं यायचे. बटर अर्धं जळबाभाऊचं, अर्धं हिचं."

"घरी तर म्हनायचे, चारायला नेतो."

उत्तमसिंग हसला. तिने हळूच विचारलं, "अन् बोलायचे काय इथं?"

"तुमचंच की. वैनी आज रुसली, वैनीनं अंबाडीची भाजी केली, तशी कुनाला जमत न्हाई. तुमाला सांगत नव्हता व्हय?"

पंचफुलाबाईने तोंड घोडीच्या मानेआड नेलं. ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण हा माणूस हे सगळं इथं, परक्या बाकावर सांडून घरी यायचा. त्यातलं एखादं वाक्य उंबऱ्याच्या आत आणलं असतं तर काय झालं असतं?

दुसऱ्या दिवशी तिने पिचकारी पदराआड लपवून टपरीवर नेली. भिजलेल्या बटराला बोटानं खळगा पाडला, औषध भरलं आणि वरून दाबलं. शेवंतीनं हुंगलं. क्षणभर थांबली आणि खाऊन तळहात चाटला. तेच बटर, तोच चहा घरी करून पाहिला, तर शेडात तिने ढुंकून पाहिलं नाही. मग रोज टपरीवरच जावं लागलं. पंचफुलाबाई आयुष्यात कधी टपरीवर उभी राहिली नव्हती. आता पुरुषांच्या त्या गर्दीत एका कडेला घोडीचं दावं धरून चहा प्यायला शिकली. कुणी फारसं बोलायचं नाही. उत्तमसिंगही गिऱ्हाइकात असायचा.

औषध संपत आलं तशी शेवंती कडब्याला लागली. तिच्या अंगावर तकाकी आली. डॉक्टर येऊन पाहून गेल्या. वरातीला न्या, पण पोट रिकामं ठेवू नका, असं बजावून गेल्या.

भीमराज आला, मान खाली घालून म्हणाला, "काकू, मला काय म्हाईत, तिला मधी मधी चारा लागतो म्हनून?"

"तुला न्हाई म्हाईत, मला बी नव्हतं. आता मी येते संगं."

"बाया कुठं वरातीत घोडी धरतात?"

"धरत नसतील."

कळमनुरीकडच्या एका गावात भर दुपारचं लग्न होतं. नवरदेव वर, पुढं पोरं नाचून राहिली आणि लगाम धरून पंचफुलाबाई. डीजे पुढं ठेवायचा, घोडीजवळ आणायचा नाही, हे तिने भीमराजला आधीच कबूल करायला लावलं होतं. तरी ऊर दणाणत होतं. वाटेत ती पोत्यातलं गवत मूठ मूठ चारत राहिली. बायकांनी तिच्याकडे बोटं दाखवली, एकीने फोटोही काढला. नाव कुणी विचारलं नाही.

मांडवाशी नवरदेव उतरला. त्याला घेऊन सगळे आत गेले, बँड आत गेला, पोरं जेवणाच्या पंगतीकडे धावली. पाहता पाहता रस्ता रिकामा झाला. तुडवलेल्या फुलांवर ऊन आणि मधोमध ती आणि घोडी. जळबा एवढी वर्षं प्रत्येक लग्नात इथंच उरायचा, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

तिने खोगिराचा तंग सैल केला, शेवंतीला लिंबाच्या सावलीत नेलं आणि पोतं पुरतं मोकळं केलं. मग तिच्या पायांशी बसून, मांडवातला गलबला ऐकत, तिने शेवंतीशी बोलायला सुरुवात केली.