निळ्या काठाची ताटली

ये, अशी जवळ बस. कोट काढ आधी, मावशीच्या घरात कोट घालून कसली बसतेस? आणि हे काय, माझा डबा रिकामाच परत आणलास? अगं, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, एवढं तरी तुझ्या आईने शिकवलं असेल ना. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकायची. हसतेस काय? या रीतीपायी माझी लेक, तुझी ताई, जर्मनीला राहिली. खरंच सांगते.

तेव्हा ती सिएटलला शिकून नुकतीच मोकळी झाली होती. समुद्रातलं शेवाळ हा तिचा विषय. इथली एक नोकरी जवळपास ठरलेली, आणि मध्येच ग्राइफ्सवाल्डहून बोलावणं आलं. बाल्टिक समुद्राकाठचं विद्यापीठाचं जुनं गाव, दोन वर्षांचं काम. ती म्हणाली, आठवडाभर बघून येऊ, तूही चल. मी गेले ती मनात एकच धरून, की हिला ते गाव आवडू नये. तुझे काका गेल्यापासून सिएटलजवळच्या बॉथेलमधल्या या घरात आम्ही दोघीच होतो.

गाव मात्र बघण्यासारखं, खोटं कशाला बोलू. लाल विटांची तीन मोठी चर्चं. त्यांतल्या एकाला गावकरी लांबू म्हणतात नि एकाला जाडी, असं लेकीने सांगितलं. जर्मनी एक होऊन पाचसहा वर्षं झाली होती, तरी पुष्कळ घरांना अजून परांच्या बांधलेल्या. विद्यापीठ पाचशे वर्षांहून जुनं, आणि पोरं दगडी रस्त्यांवरून सायकली खडखडवत लेक्चरला जायची. समुद्रावर गेलो तर मी बोट बुडवून पाणी चाखलं. मी मालवणची, मला तो समुद्र वाटेचना. खारटपणा अगदी बेताचा, भरतीओहोटीही दिसेना. लेक म्हणाली, अशा पाण्यात वाढणारं शेवाळच तर मला बघायचंय. तिचा चेहरा असा उजळला होता, की मी बोट पुसलं नि चालू लागले.

अडचण होती ती जागेची. खोल्या मिळत नव्हत्या. बंदराजवळ एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरी माडीवर दोन खोल्या आणि छोटं स्वयंपाकघर होतं. त्यांनी आठवडाभर आम्हाला ठेवून घेतलं, पण पुढचं शनिवारी सांगते म्हणाल्या. त्यांच्या भाचीच्या मैत्रिणीलाही ती जागा हवी होती. लेकीने मला स्पष्ट सांगितलं की जागा मिळाली तर येईन, नाहीतर सिएटलची नोकरी धरीन. मला बरंच वाटलं. भाचीची मैत्रीण म्हणजे घरचंच माणूस, तिलाच देतील, असा माझा हिशेब.

पहिल्याच दिवशी बाई वर आल्या, निळ्या काठाच्या ताटलीत प्लमचा केक घेऊन. त्यांना इंग्लिश येत नव्हतं, मला जर्मन. जर्मन शिकलेली लेक तेव्हा विद्यापीठात गेलेली. दोघी नुसत्या माना हलवत राहिलो. केक खाल्ला, ताटली घासली. लेक आल्यावर म्हणाली, मी खाली देऊन येते. रिकामी? मी प्रवासासाठी घेतलेले बेसनाचे लाडू ताटलीत ठेवले. दुसऱ्या सकाळी ताटली आमच्या दाराशी हजर, धुरावलेला मासा घेऊन. तो खाल्ला, छान होता. मग मी शिरा केला. रवा तिथे मिळतो, आणि वेलची माझ्या पर्समध्ये असतेच. ताटली परत आली ती सफरचंदं घेऊन. लेक वैतागली, म्हणाली, आई, आता पुरे, त्या बाई बिचाऱ्या बेजार होतील. पण मी तरी काय करू? हातच वळेना रिकामी ताटली द्यायला. थालीपिठं झाली, बटाट्याची भाजी झाली.

शनिवारी बाई वर आल्या. खुर्चीवर बसून लेकीशी बराच वेळ बोलल्या. मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. लेकीच्या चेहऱ्यावर हसू आणि संकोच दोन्ही. मी विचारलं, काय म्हणतात?

"म्हणतात, जागा त्या मुलीलाच द्यायची होती. पण तुझी आई आठवडाभर माझं मन वळवायला धडपडतेय. आईची एवढी इच्छा असेल तर मी नाही कशी म्हणू?"

लेकीला माझ्या मनातलं ठाऊक होतं. लहानपणापासून असते, तशी तिची नजर माझ्यावर.

"आई, सांगू का त्यांना, आपल्याकडे ही नुसती रीत असते म्हणून?"

बाई आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. टेबलावर ती ताटली होती, घासलेली, अजून रिकामीच. आत कढईत पोहे होते.

"राहू दे," म्हटलं. "त्यांना म्हणावं, आभारी आहे. आणि थांबा म्हणावं, पोहे घेऊन जा."

झालं. दोन वर्षांचं काम पुढे वाढलं, ती अजून तिथेच आहे. रविवारी फोन येतो. बाईंचे गुडघे दुखतात, म्हणून आता ताटली घेऊन हीच खाली जाते म्हणे. भरलेली असते ना, एवढं मी विचारून घेते.

तर हा घे डबा. चिवडा भरलाय, झाकण घट्ट लाव. तुझं बेलव्ह्यू काय, इथून गाडीने अर्ध्या तासावर, आणि तू येतेस सणावारी. पुढच्या वेळी डबा रिकामा आणलास तरी मी बोलणार नाही. पण चिवडा संपला की लगेच ये बाई, दिवाळीची वाट बघत बसू नकोस.