सुलुफूला मैदानाबाहेर काढलं तेव्हा

सुलुफूला एका जागी बसवत नाही, हे अंदावामांबा वस्तीतल्या सगळ्या गल्ल्यांना ठाऊक होतं. आई पहाटे साच्यात तांदळाचे मोफोगासी भाजायला घ्यायची, तोवर हा कालव्याच्या कडेने फिरून आलेला असायचा आणि उभ्यानेच खायचा.

"पायाखाली निखारे आहेत का रे तुझ्या?" आई म्हणायची.

चणीने लहान, पण हात भलते चपळ. रग्बीच्या झोंबाझोंबीतून चेंडू उपसून तो कुणाला दिसायच्या आत तिसऱ्याच साथीदाराच्या हाती पोचवायचा. त्या हातांच्या जोरावरच तो विशीत फ्रान्सला गेला.

तिथल्या लहान गावांच्या क्लबांत त्याचं तारुण्य गेलं. दोन हंगामांहून जास्त कुठे टिकला नाही. तिथले गडी थोराड, आणि प्रत्येक प्रशिक्षकाचं एकच पालुपद: तू चेंडू फार लवकर सोडतोस, आधी अंगावर घे, मग दे. तो शिकला. मान जाड केली, खांदे भरले. तरी बहुतेक रविवारी राखीव खेळाडूंतच असायचा, आणि बाकावर बसायचं सोडून बाकामागे येरझाऱ्या घालायचा. भाड्याच्या खोलीत खिळासुद्धा ठोकला नाही कधी. गुडघ्यावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा क्लबने गोड बोलून निरोप दिला.

घरी परतल्यावर वस्तीतल्या बायकांच्या रग्बी संघाने त्याला गाठलं. कर्णधार फारा, लोकांचे कपडे धुणारी, मनगटं पहिलवानासारखी.

"रामूझे, आम्हाला शिकवा ना," ती म्हणाली. शाळेतल्या मास्तरांना रामूझे म्हणतात, तसं.

जे तिकडे शिकला तेच त्याने इथे घोटवलं. अंगावर घ्या, रेटा, धरून ठेवा. सामन्याच्या दिवशी तो रेषेलगत धावत घसा फोडून ओरडत राहिला. पहिल्या अर्ध्या वेळात बायका पार चिरडल्या गेल्या.

विश्रांतीत फारा ओठावरचं रक्त पुसत त्याच्यापाशी आली.

"रामूझे, रागावू नका. तुमचं ऐकत राहिले की मला चेंडूच दिसत नाही. जरा फिरून या."

"कुठे?"

"शेतांकडे. सामना संपेपर्यंत."

"म्हणजे हाकलतेस मला?"

"हो," ती म्हणाली. बाकीच्या तोंड फिरवून हसल्या.

तो तरातरा निघाला. भातखाचरं वाळली होती, लोक त्यातल्याच मातीच्या विटा पाडत होते. एवढी वर्षं परदेशात हाडं मोडून घेतली, आणि एक धोबीण सांगते फिरून या. मागून आरडाओरडा ऐकू येई. कुणाच्या बाजूचा ते कळेना. बांधावरून तो पुढे जाई, पुन्हा मागे येई. शेवटी राहवेना, तसा विटांच्या ढिगावर चढला.

लांबून शब्द ऐकू येत नव्हते, नुसती माणसं दिसत होती. फारा चेंडू अंगावर घेतच नव्हती. समोरची पोचायच्या आत तो दुसरीच्या हाती गेलेला असायचा, तिथून आणखी पुढे. कोवळ्या वयात सुलुफू असाच खेळायचा. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी आठवूही दिलं नव्हतं. त्याचे हात आपोआप हलू लागले. वीटवाला खालून ओरडला, "अहो, विटा फुटतील, उतरा."

बायका अगदी थोडक्याने हरल्या. तो परतला तेव्हा फारा बूट सोडत होती.

"तू चेंडू फार लवकर सोडत होतीस," तो म्हणाला.

तिने कपाळाला आठ्या घालून वर पाहिलं.

"तसाच सोडत जा."

पुढच्या हंगामापासून फाराने पाण्याच्या बाटल्या त्याच्याकडे दिल्या. "पाणी देणाऱ्याला आत यायची मुभा असते. पण तोंड उघडायचं नाही." दुखऱ्या गुडघ्याने तो सामनाभर पळायचा आणि ओठ दाबून धरायचा. संघ हळूहळू जिंकू लागला.

मध्यंतरी रेयुनियन बेटावरच्या एका क्लबने प्रशिक्षक म्हणून बोलावलं. त्याने नवी बॅगही आणली. जाणार का, असं फाराने विचारलं तर म्हणाला, "मंगळवारचा सराव होऊ दे, मग कळवतो त्यांना."

तसे बरेच मंगळवार झाले. त्याने अजून कळवलेलं नाही.