जाऊबाईंचा पिवळा कोट

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नाव मालसुन. मालसुन म्हणजे शेवटची मुलगी. चार मुलींवर पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा आईबापांनी 'आता पुरे' म्हणून हे नाव ठेवलं, आणि देवाने ऐकून न ऐकल्यासारखं करून वर आणखी दोन दिल्या. जाऊबाई हे स्वतःच सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. "नावाचा सुद्धा उपयोग झाला नाही गं माझ्या," म्हणायच्या.

आमचं गाव चॉरवॉनकडे, देशाच्या उत्तर सरहद्दीलगत, फौजेच्या चौकीच्या आत. माहेरपणाला आलेल्या लेकीलाही चौकीवर ओळखपत्र दाखवून यावं लागतं. हिवाळ्यात सगळी नदी गोठते, पण गावाखाली एका ठिकाणी पाणी उथळ आणि खळखळतं आहे, तिथे बर्फ धरत नाही. लाल टोपीचे क्रौंच रात्रभर त्या पाण्यात उभे राहून झोपतात. काठावर गावाने लपण बांधलंय. लोखंडी सांगाडा, वर काळी जाळी, बाहेरून भाताच्या पेंढ्या, आणि छातीइतक्या उंचीवर एक लांब फट. त्या फटीतून फोटोवाले आपल्या कॅमेऱ्यांच्या तोफा बाहेर काढून बसतात. उजाडायच्या आत शिरायचं, आणि क्रौंच शेतांकडे उडून जाईपर्यंत बाहेर यायचं नाही. बोलायचं नाही, शिंक आली तर बाहीत. लघवीला ज्याची त्याची बाटली. घरी कॉफी जरा गार झाली तर घर डोक्यावर घेणारी माणसं इथे चार-चार तास काकडत बसतात, आणि वर जाताना मला वाकून आभारी आहोत म्हणतात.

या पक्ष्यांपासून सगळ्यांनी लपायचं आणि जाऊबाईंनी मात्र उघड्यावर चालत जायचं, असं अकरा हिवाळे चाललं होतं. सातच्या सुमाराला मक्याची बादली घेऊन त्या निघायच्या. अंगात पिवळट दुलईचा कोट. फौजेत पोरांना गणवेशाच्या आत घालायला देतात तो. मुलगा सुटून आला तेव्हा खुंटीला टाकून बुसानला नोकरीवर गेला, तो यांनी उचलला. बांधावर पोचल्या की मापाने बादलीवर तीन टोले. मग जरा वाकून, उजवा पाय ओढत खाली उतरायच्या, आणि क्रौंच माना खाली घालून त्यांच्यापासून दहा पावलांवर यायचे. लपणातली मंडळी श्वास रोखून बघायची. जाऊबाई त्यांच्याशी बोलायच्या सुद्धा. "काय गं, काल दिसली नाहीस? आणि हा तुझा नवरा, याला आधी जेवायला हवं, नाही?"

भावजी गेल्यापासून घरात बोलायला दुसरं होतं कोण? मी जायची, पण मी म्हणजे जाऊ. जावेशी जपूनच बोलतात.

"मला ओळखतात गं ते," असं मला कितीदा म्हणाल्या असतील. "तुझ्या भावजींनी चाळीस वर्षांत ओळखलं नाही, पण या पाखरांनी दोन हिवाळ्यांत ओळखलं."

बान सॉकजू हा त्या फोटोवाल्यांपैकीच. पन्नाशीचा, विमा कंपनीतून वेळेआधी बाहेर पडलेला, बायको सोडून गेलेली. पहिल्या वर्षी लपणातून बाहेर आला तो ओठ निळे पडलेला. जाऊबाईंनी घरी नेऊन गरम फरशीवर बसवला, वाडगाभर सोयाबीनच्या पेस्टचं कालवण पाजलं. तेव्हापासून तो लपणाच्या आधी आणि लपणानंतर त्यांच्याच घरी. चार हिवाळे. मावशी मावशी करत मागे फिरायचा. त्यांच्या चुलीची नळी त्याने बदलून दिली, मुळ्याची पोती वाहिली, छतावरचा बर्फ काढला. खोटं कशाला बोलू, मलाही तो आवडायचा. माझ्या लोणच्याला एवढं चांगलं आमच्या घरात कोणी म्हटलेलं नाही.

त्या जानेवारीत जाऊबाई अंगणातल्या बर्फावरून घसरल्या आणि कंबर धरून बसल्या. उठता येईना. बाहेर हात-हातभर बर्फ, रस्ता बंद म्हणून लपणात सॉकजूशिवाय दुसरा फोटोवाला नाही, शेतं झाकलेली, पक्ष्यांना कुठे दाणा नाही. मी म्हटलं, मी जाते. तर त्या म्हणाल्या, "तुझा आवाज ऐकून ते चौकीपलीकडे जातील."

"मावशी, मी जातो," सॉकजू म्हणाला. "मला सगळं येतं. चार वर्षं फटीतून दुसरं काय बघतोय?"

जाऊबाईंनी पडल्या पडल्या कोट मागितला. स्वतः त्याच्या अंगात चढवला, स्वतः गळ्यापर्यंत बटणं लावली. "वाकून चाल. पाय जरा ओढ. तीन टोले, चौथा नाही. आणि त्यांच्या डोळ्यात बघू नकोस." त्याने खोलीतच चालून दाखवलं, हुबेहूब. आम्ही दोघी हसलो. जाऊबाईंना हसताना कंबरेत कळ आली आणि तरी त्या हसत होत्या.

तीन सकाळी तो गेला. तिन्ही सकाळी परत येऊन रिकामी बादली पालथी घालून म्हणाला, "पोटभर खाल्लं, मावशी. तुमची चौकशी करत होते." आणि बसून कालवण भुरकलं.

चौथ्या दिवशी जाऊबाई आपला कोट चढवून, काठी घेऊन उठल्या आणि मला बरोबर घेऊन नदीवर गेल्या. बांधावर पोचल्या, तीन टोले दिले, आणि नदीवरचे सगळे क्रौंच एका झपाट्यात उठले. एकही थांबला नाही. त्या बादली घेऊन तशाच उभ्या. मग म्हणाल्या, "काठीला भ्यायले असतील." दुसऱ्या दिवशी काठी न घेता गेल्या, दातओठ खाऊन. तेच झालं. फेब्रुवारीत मी त्यांना माझं निळं जाकीट दिलं. त्या जाकिटात पक्षी उडाले नाहीत, पण परक्या माणसाला बघावं तसे दूर सरकून उभे राहिले. त्या दाणे टाकून मागे आल्या की मग खायला यायचे. मार्चमध्ये ते उत्तरेला निघून गेले. जाऊबाई उन्हाळाभर एकच म्हणायच्या, "माझं काय चुकलं?"

शरद ऋतूत सॉकजूच्या फोटोला राजधानीत मोठं बक्षीस लागलं. आमचे हे गावचे प्रमुख. यांना कशाचंही निमित्त पुरतं. त्यांनी तो फोटो दोन माणसं उभी मावतील एवढा छापून पंचायतीच्या घरावर लावला, वर 'अभिनंदन' अशी अक्षरं. फोटो देखणा होता, नाही कशाला म्हणू? नदीवर वाफ, मागून ऊन, आणि शंभरावर क्रौंच एकदम उठलेले.

जाऊबाई बघायला आल्या. आधी कौतुकच केलं. मग पुढे गेल्या, नाक टेकेल इतक्या जवळ. खूप वेळ खालच्या कोपऱ्यात बघत राहिल्या.

"हे बघ," मला म्हणाल्या. "बर्फावर मका पडलाय. ताजा. अजून कोणी टिपला नाही." मला काही कळेना. "अगं, भुकेले पक्षी मका सोडून पळतायत. आणि माना कुठे वळल्यात बघ. मका टाकणाऱ्याकडे. मका टाकणाऱ्यालाच भ्यायलेत ते."

मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला, आणि अंगाचा तिळपापड झाला. कॅमेरा लपणात आधीच रोखून ठेवलेला, चालवायचं बटण कोटाच्या खिशात. आणि हा जाऊबाई बनून खाली उतरला, पाखरं जवळ आली, आणि हा बादली बडवत त्यांच्या अंगावर धावून गेला. एकदा नाही. पहिल्या दोन सकाळी ऊन नीट पडलं नसेल.

यांना सांगितलं तर म्हणाले, "आता फलक छापून झालाय. आणि यंदा लपणाच्या सगळ्या जागा आत्ताच भरल्यात." मी म्हटलं, भरू देत, तुमचंही डोकं त्यात भरा. दोन दिवस स्वयंपाक केला नाही. फलक काही उतरला नाही.

सॉकजू डिसेंबरात आला. हातात नाशपातींची पेटी आणि चौकटीत बसवलेला तोच फोटो. बहुतेक आम्हाला काही कळलं नसेल असं धरून आला होता. जाऊबाई अंगणात मका मोजून बादलीत घालत होत्या. मी पायरीवर होते. मला वाटलं, आता या त्याला झाडूने मारतील. नाही मारलं तर मी मारीन.

त्यांनी हातातलं माप खाली ठेवलं. "किती सकाळी केलंस, सॉकजू?"

त्याचा चेहरा उतरला. पेटी खाली ठेवली आणि बर्फातच गुडघे टेकले. "तीन, मावशी. पण एकालाही इजा झाली नाही, शप्पथ. मी फक्त उडवले. मला एक फोटो हवा होता. आयुष्यात एक तरी."

"तिन्ही सकाळी आले?"

"आले."

"पहिल्या दिवशी तू अंगावर धावलास, तरी दुसऱ्या दिवशी आले?"

"आले, मावशी."

जाऊबाईंनी मग अशा आवाजात विचारलं की मी पायरीवरून उठलेच. "तू जवळ गेलास तेव्हा एखादा तरी थबकला का? एखाद्याने तरी मान वर करून नीट बघितलं का, की ही ती नव्हे म्हणून?"

मेल्याने इथे तरी खोटं बोलायचं. चार हिवाळे ज्या घरचं खाल्लं तिथे एवढं एक खोटं बोलला असता तर त्याचं काय गेलं असतं? पण त्याला वाटलं, आता खरं सांगूनच सुटू. "नाही, मावशी. एकानेही नाही. मी अगदी तुमच्यासारखंच केलं. मला तुम्हीच समजून आले."

जाऊबाई मान हलवत राहिल्या. मग बादली उचलून त्याच्या हातात दिली. "मग आजपासून तूच जा. त्यांना काय फरक पडतो?"

आत गेल्या आणि दार लावून घेतलं. तो बादली धरून तिथेच रडत बसला. मी त्याच्या हातातून बादली काढून घेतली, पेटी आणि चौकट त्याच्या हातात दिली, आणि फाटकापर्यंत त्याला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो परत आला नाही. फोटो अजून पंचायतीवर आहे.

त्या सकाळपासून दाणे मी घालते. माझ्या निळ्या जाकिटात. टोले मी देत नाही. मला सकाळी खोकला असतो, तोच पुरतो. पहिले पंधरा दिवस ते लांबच उभे राहिले. मग रोज थोडे थोडे पुढे आले. आता मी खोकले की माना खाली घालून येतात, दहा पावलांवर, कधी आठ. परवा एक मादी पिल्लाला घेऊन इतकी जवळ आली की मला तिच्या पापण्या दिसल्या, आणि मला रडू आलं, आनंदाने नव्हे.

जाऊबाई बाहेर पडत नाहीत. मी परत येते तेव्हा खिडकीशी बसलेल्या असतात. रोज विचारतात, "आले का गं तुझ्याजवळ?"

मी बादली पालथी घालते आणि सांगते, "छे हो. लांबच उभे राहतात."