डाव्या पायाला काम नव्हतं

मुलांनो, डिसेंबरात तुम्ही सगळे घाटकोपरला आलात की आजोबा तुम्हाला गाडीतून फिरायला नेतील. किल्ली हातात घेतील, सीटवर बसतील, डावा पाय दुमडून अर्धी मांडी घालतील आणि मग गाडी सुरू करतील. ते पाहून हसायचं नाही. आणि शेजारच्या सीटवर तुमचा बाबा बसलेला असेल, त्याच्यासमोर काही विचारायचंही नाही. ऐन वेळी समजावत बसायला मला तिथे जमणार नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

गाडी तुमच्या बाबाने घेऊन दिली. आम्ही मागितली नव्हती. आमची जुनी छोटी गाडी बरी चालत होती, पण तिला कोणी धडक दिली तर तिचा पत्र्याचा डबा होईल, असं त्याने तिकडे परदेशात बसून ठरवलं. आईवडील सुरक्षित राहावेत म्हणून त्याने ही अडीच टनांची गाडी दारात उभी केली. तिच्या सीटला पाठ चेपून द्यायची सोय आहे. ती पार्किंगमध्ये उभी असली की शेजारच्या गाडीचा मालक पोट आत घेऊन उतरतो. तिला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. हे सगळ्यांनी मोठं सुख म्हणून सांगितलं. पुढे हेच सुख नडलं.

आजोबा रोज सकाळी आपल्या दोन मित्रांना त्यांच्या दारातून गाडीत घेतात आणि विक्रोळीला नेतात. तिघंही तिथल्या एका कारखान्यात होते. कारखाना कधीच बंद झाला, पण कॉलनीची बाग आहे. तिथल्या बाकावर बसून हे तिघं तो अजून चालवतात. एका मित्राचे गुडघे गेलेत, दुसऱ्याला एका डोळ्याने दिसत नाही. थोडक्यात, आजोबांनी गाडी काढली नाही तर त्या दिवशी कारखाना बंद.

आता ब्रेकच्या पॅडविषयी. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन बाजूंनी धरणाऱ्या या जाड वड्या. त्या झिजतातच, पण बेताने झिजाव्यात, काही वर्षं पुराव्यात. आमच्या पहिलं वर्ष संपायच्या आत झिजल्या. गाडीने ही बातमी आम्हाला नंतर दिली. आधी समुद्रापलीकडे तुमच्या बाबाच्या फोनला कळवलं. खायची-प्यायची आमच्या दारात आणि चहाड्या करायची तिकडे.

सर्व्हिस सेंटरमध्ये आधी कॉफी देतात, मग बिल देतात. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने सांगितलं, गाडी हेवी आहे, मुंबईचं ट्रॅफिक आहे, असं होतं. आजोबांना हे फार पटलं. घरी येऊन त्यांनी जेवणाच्या टेबलावर ताट-वाटी सरकवत मला वजन आणि वेग समजावून सांगितले. मग एलबीएस रोडवरचे स्पीडब्रेकर, मेट्रोच्या कामाचे पत्रे, मध्येच थांबणाऱ्या रिक्षा, सगळं आलं. त्यांचा एकही मुद्दा चुकीचा नव्हता. अशा माणसाची चूक शोधणं फार अवघड असतं.

दुसरे पॅड पहिल्यांपेक्षाही लवकर गेले.

या वेळी तुमच्या बाबाने फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. तो म्हणाला, "आई, हेच मॉडेल इथे माझा शेजारी चालवतो. त्याचे पॅड अजून पहिलेच आहेत. बाबांचं वय झालंय गं. पुन्हा असं झालं तर ड्रायव्हर ठेवायचा आणि किल्ली त्याच्याकडे द्यायची."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आजोबा समोर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, एवढंच. दाराजवळच्या हुकाला असणारी किल्ली त्या दिवसापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात गेली. शर्ट धुवायला टाकताना ती पायजम्याच्या खिशात जायची.

मला वाटलं तेवढं ते दुर्लक्ष करत नव्हते. नव्या पॅडवर त्यांनी इतकी सावकाश गाडी चालवली की हातगाड्या पुढे जायला लागल्या. एकदा सिग्नलला एक रिक्षावाला बाजूला येऊन म्हणाला, "काका, तुमच्या मागे बारा महिने दिवाळी का हो?" आजोबांना ती दिव्यांची तारीफ वाटली. सिग्नल सुटेपर्यंत त्यांनी त्याला दिव्यांची सगळी माहिती दिली.

त्या दिवाळीचा अर्थ मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून कळला. तिथून आमचं गेट दिसतं. आजोबा गाडी बाहेर काढत होते. रस्ता मोकळा, उतार नाही, समोर मांजरही नाही, आणि मागचे लाल दिवे पेटलेले. गेटपर्यंत पेटलेले, गेटबाहेर पेटलेले, वळणावर गाडी दिसेनाशी झाली तेव्हाही पेटलेलेच.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मला विक्रोळीच्या बाजारातून कढीपत्ता आणायचाय.

"घाटकोपरचा संपला?" त्यांनी विचारलं.

तरी नेलं. मित्रांना घ्यायच्या आधीच मी खाली वाकून बघितलं. उजवा पाय आपलं काम करत होता. डावा ब्रेकवर टेकून बसला होता. जोर नाही, नुसता टेकलेला. उभा जन्म त्या पायाने क्लच दाबला. नव्या गाडीत क्लच नाही, आणि तू रिटायर झालास हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने शेजारी मिळेल ते काम धरलं.

"अहो, तुमचा डावा पाय काय करतोय?"

"काय करणार? रिकामा आहे."

"रिकामा नाही. ब्रेकवर आहे."

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि खाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले, जणू पाय दुसऱ्या कोणाचा होता. मागून हॉर्न वाजत होते. मग त्यांनी विचारलं, "पोराला सांगणार?"

मी म्हटलं, "पॅड टिकले तर तो कारण विचारणार नाही."

पाय मात्र ऐकेना. बाजूला घेतला की दोन सिग्नलनंतर परत ब्रेकवर. शेवटी आजोबांनी तो उचलून मांडीतच घेतला. मोठ्या गाडीचं सीट पाटासारखं रुंद, त्यात अर्धी मांडी आरामात मावली. पहिल्या दिवशी मागून गुडघेवाले मित्र म्हणाले, "साहेब, बसलाच आहात तर ताट वाढू का?" आजोबा म्हणाले, "आधी उतरायची तयारी करा, बागेचं गेट आलं."

आणि खिडकीतून मी पाहिलं तेव्हा मागचे दिवे विझलेले होते. लागायचे तिथेच लागत होते.

तुमच्या बाबाची समजूत अशी की त्याने फोनवर दम दिला म्हणून आजोबा सुधारले. सर्व्हिस सेंटरची समजूत अशी की त्यांनी चांगल्या प्रतीचे पॅड घातले. दोघांनीही हे मला वेगवेगळं आणि अभिमानाने सांगितलंय. मी दोघांचेही आभार मानले.

पहिले झिजलेले पॅड मी टाकू दिले नाहीत. गॅलरीचं दार वाऱ्याने आपटतं, त्याखाली ते टेकू म्हणून ठेवलेत. तिसरे पॅड गाडीत आहेत आणि अजून जाड आहेत. किल्ली पुन्हा दाराजवळच्या हुकाला असते.