धुतली आणि विसळली

मावशींना प्रयोगशाळेत कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. सर मावशी म्हणत, संशोधन करणाऱ्या मुली मावशी म्हणत, आणि त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा असूनही मीसुद्धा मावशीच म्हणायचो. मी स्टोअर सांभाळायचो, त्या शेजारच्या खोलीत काचसामान धुवायच्या. मधली भिंत अगदी पातळ. माझ्या शिव्या त्यांना ऐकू जायच्या आणि त्यांचा नळ मला.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या आल्या त्या तीन महिन्यांसाठी, थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाच्या रजेत बदली म्हणून. बहीण परत आलीच नाही. "माझी नोकरी ढापलीस," असं ती अजून चारचौघांत चिडवते. मावशी म्हणतात, "ढापली तर ढापली, तुझ्यासारखे डाग ठेवून तर धूत नाही ना!" घरी दोन खोल्या, नवरा शिवणकाम करणारा, आणि तिखट कानाच्या सासूबाई. सासूबाईंची एकच तक्रार. सून कपाटातला धुतलेला कप पुन्हा धुते आणि तोवर चहा गार होतो.

आमच्याकडे काम चालायचं ते धातू आणि प्रथिनांचं. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. तांब्याचा एक कण मधोमध, त्याला चहूबाजूंनी धरून बसलेले इतर रेणू, असं ते संयुग. ते प्रथिनाजवळ गेलं की प्रथिनातल्या काही ठराविक जागा तांब्याला हात घालतात. किती घट्ट धरतात, तेच मोजायचं. घट्ट धरलं तर पुढे औषध करायला वाव, नाही धरलं तर राम म्हणा.

हे मोजायचं होतं डॉक्टरीणबाईंना. अजून डॉक्टर झालेल्या नव्हत्या, पण आम्ही आधीच पदवी देऊन टाकली होती. वय तेहतीस, शाळेत जाणारी मुलगी, चार वर्षांची मेहनत. पारदर्शक पातळ पडद्याची बोटभर पिशवी, आत प्रथिन, बाहेर तांब्याच्या संयुगाचं पाणी. पडद्याच्या छिद्रांतून संयुग आत जातं, प्रथिन बाहेर येऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी आत किती तांबं अडकलं ते यंत्रावर बघायचं. पहिली तीन वर्षं प्रथिनाने तांबं झकास धरलं. गेल्या आठ महिन्यांत मात्र शून्य. पुन्हा केलं, शून्य. बाई रडकुंडीला आल्या.

सर एका सकाळी म्हणाले, "आधीचेच आकडे चुकीचे असणार. काचसामानाला कुठला तरी धातू चिकटून राहिला असेल, तोच मोजला गेला." नऊ दिवसांनी कामाचा आढावा घेणारी समिती बसणार होती, आणि शून्यच राहिलं तर काम बंद.

धुण्याच्या खोलीत नळ बंद झाला. मावशी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे मी नीट धूत नाही?"

"तसं नाही म्हणत मी, मावशी."

"तसंच म्हणताय, सर. सव्वीस वर्षांत माझ्या भांड्यात डाग निघाला नाही. नऊ दिवस आहेत ना? मी बघते."

मला एवढा संताप आला की मी सरांना ऐकवणारच होतो, पण मावशींनी डोळ्यांनीच गप्प केलं. "तुम्ही मध्ये पडू नका. हे माझं आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी धडाका लावला. एकेक बाटली, एकेक नळी आम्लात बुडवून काढली. मग तपासणी. आमच्याकडे एक पिवळा रंग होता. त्यात तांब्याचा अंशही पडला की तो गुलाबी व्हायचा. मावशी प्रत्येक भांडं थोड्या पाण्याने खळबळायच्या आणि ते पाणी पिवळ्या रंगात टाकायच्या. पिवळं राहिलं की भांडं स्वच्छ. मग शेवटी मुद्दाम तांब्याच्या पाण्याचा एक थेंब टाकायच्या. रंग मेला तर नाही ना, हे बघायला. लगेच गुलाबी. मग वहीत बरोबरची खूण.

पाच दिवसांत दोनशे अकरा भांडी. सगळी लख्ख. पायांना सूज आली होती. मी म्हटलं, "पुरे आता, सिद्ध झालं की तुमचं." तर म्हणतात, "माझं झालं हो, त्या पोरीचं काय? शून्य का येतंय ते कुठे कळलं?"

उरल्या होत्या फक्त पिशव्या. त्या एका मोठ्या बरणीत ईडीटीएच्या द्रावणात बुडवलेल्या असायच्या. हे द्रावण म्हणजे धातूंवर टपून बसलेला प्राणी. दिसला धातू की गपकन गिळतो. मावशी त्याला हावरट म्हणायच्या. पडद्याला चिकटलेले किरकोळ धातू तो ओढून घेतो, म्हणून पिशव्या त्यात ठेवायच्या.

सहाव्या दिवशी दुपारी मावशींनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तू पिशवी घेतेस कशी, ती घेऊन दाखव." बाईंनी बरणीतून पिशवी चिमट्याने काढली, निथळली आणि सरळ कामाला ठेवली. मावशींनी तीच पिशवी उचलली, त्यातलं उरलेलं पाणी पिवळ्या रंगात टाकलं. पिवळंच. स्वच्छ. मग नेहमीसारखा तांब्याचा थेंब.

पिवळंच राहिलं.

आणखी एक थेंब. पिवळं. मावशी बाईंकडे वळल्या.

"अगं, तू ही विसळत नाहीस?"

"विसळायची कशाला? बरणीवर लिहिलंय ना, धुतली."

त्या बरणीवर चिठ्ठी होती मावशींच्या अक्षरात: 'पिशवी, धुतली.' आमच्या खोल्यांत धुतली म्हणजे हावरटाने धातू काढलेली. वापरण्याआधी साध्या शुद्ध पाण्यात दहा वेळा विसळायची, हे कुणी कुणाला सांगत नसे, सगळ्यांना ठाऊकच होतं. जुने सहायक विसळूनच बाईंच्या हातात द्यायचे. ते आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. बाईंनी चिठ्ठी वाचली आणि मराठीतला सरळ अर्थ घेतला. प्रथिनाने हात पुढे करायच्या आत पिशवीतला हावरट तांबं घेऊन पडद्याबाहेर पसार होत होता.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं."

"गप," मावशी म्हणाल्या. "अक्षर कुणाचं आहे?"

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी पिशव्या विसळल्या, दहा नाही, वीस वेळा, आणि प्रयोग नव्याने लावला. आठव्या दिवशी सकाळी यंत्रावर आकडा आला. पहिल्या तीन वर्षांत होता तितकाच. डॉक्टरीणबाई मावशींच्या गळ्यात पडून अक्षरशः हुंदके देत होत्या, आणि मी, कधी नव्हे तो, सगळ्यांना माझ्याकडची बिस्किटं वाटली.

समितीने काम चालू ठेवलं. प्रश्न एवढाच उरला की आठ महिन्यांचे आकडे टाकून का दिले, ते अहवालात लिहावं लागणार. सर भले माणूस. मावशींना बोलावून म्हणाले, "मी 'तांत्रिक कारणाने' एवढंच लिहितो. तुमचा उल्लेख कशाला? तुम्हीच तर शोधून काढलंत."

"तांत्रिक म्हणजे काय? उद्या दुसरी पोरगी तशीच बरणी उघडेल आणि तांत्रिक वाचून तिला काय कळणार, कपाळ? चिठ्ठी कुणी लिहिली, काय लिहिली, त्यातून काय झालं, सगळं लिहा. माझ्या नावानिशी."

"मावशी, ते कायमचं राहतं."

"राहू दे."

सरांनी पेन उघडलं. मग म्हणाले, "मावशी, तुमचं पूर्ण नाव काय?"

मला मान खाली घालावीशी वाटली, कारण मलाही ते सांगता आलं नसतं. मावशींनी सांगितलं, अक्षर न् अक्षर सुटं करून.

अहवाल छापून आला तेव्हा त्या ओल्या हातांनीच स्टोअरमध्ये आल्या. चष्मा घरी राहिला होता. सव्वीस वर्षांत शे-दीडशे अहवाल त्यांच्या धुतलेल्या भांड्यांतून निघाले, त्यांतल्या एकातही त्या नव्हत्या. या एकात होत्या, आणि तेही चुकीच्या खाली. मी पान उघडून ओळ दाखवली आणि माझा राग पुन्हा उफाळला. म्हटलं, "काय मिळवलंत हो यातून?"

"ते राहू द्या," मावशी म्हणाल्या. "नाव बरोबर छापलंय का, तेवढं वाचून सांगा."