उजेडाची एक खिडकी

गिरगावातल्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीत एकटे राहणारे काका रात्रीचे फोटो काढायला शिकत होते. एका फोटोग्राफरवर त्यांचा फार जीव. त्याच्या फोटोंत काळोखी इमारत आणि उजेडाची एकच खिडकी असे. काका तसंच करू बघत. स्टँडवर कॅमेरा लावून श्वास रोखून उभे राहत. कुणी बोललं की पुटपुटत, "थांबा हं, हलेल."

परवा रात्री जिन्यापाशी त्यांनी मला कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. आमचीच चाळ, एकच पिवळी खिडकी.

"काका, अगदी त्याच्यासारखा जमलाय! कुणाची खिडकी?"

"माझीच. दिवा लावून खाली उतरलो." मग हळूच म्हणाले, "घरात कुणीतरी वाट बघतंय असं वाटतं, नाही?"

मी हो म्हटलं. काका वर गेलेच नाहीत. पुन्हा अंगणात जाऊन खिडकीकडे बघत राहिले.